विश्लेषण : निवृत्तीनंतर, मृत्यूनंतरही बढती? अमेरिकी लष्करातील नोंददुरुस्ती कशी होते?

अमेरिकी हवाई दलाचे अधिकारी जॉन लव्हेल यांचे १९७९ मध्ये निधन झाले. व्हिएतनाम युद्धात ते चार ताऱ्यांचे जनरल होते. निवृत्तांच्या यादीत मात्र त्यांची नोंद दोन ताऱ्यांचे मेजर जनरल अशीच राहिली. तीन दशकांनंतर हवाई दलाच्याच मंडळाने ‘त्यांचे चार तारे परत द्या’ अशी शिफारस केली. संरक्षणमंत्र्यांनी ती उचलून धरली, राष्ट्राध्यक्षांनी सही केली. तरीही ते तारे मिळाले नाहीत. हातून गेलेला हुद्दा मागे जाऊन परत मिळवता येतो का, आणि तसा निर्णय द्यायचा कोणी, हा प्रश्न या प्रकरणाने जितका उघडा केला तितका क्वचितच कुठल्या प्रकरणाने केला असेल.

नोंददुरुस्ती मंडळ म्हणजे काय?

दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अमेरिकेत एखाद्या सैनिकाची लष्करी नोंद चुकीची असेल तर ती बदलण्याचा हमखास मार्ग एकच होता. आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला गाठायचे आणि त्याच्याकरवी त्या एका माणसापुरते खासगी विधेयक काँग्रेसमध्ये मांडून घ्यायचे. लाखो सैनिक युद्धावरून परतल्यावर हा उद्योग हाताबाहेर जाणार हे दिसतच होते. म्हणून १९४६ च्या कायद्याने काँग्रेसने ही जबाबदारी लष्करी खात्यांच्या नागरी प्रमुखांवर सोपवली. त्यातून नोंददुरुस्ती मंडळे उभी राहिली. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांची मंडळे वेगवेगळी आहेत. मरीन कोअरचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे जातात.

या मंडळांवर गणवेशधारी अधिकारी बसत नाहीत, नागरी कर्मचारी बसतात. कायद्यातील कसोटी दोन शब्दांची आहे : चूक किंवा अन्याय. दुसऱ्याचा अहवाल आपल्या फाइलमध्ये लागला, ही चूक. सगळे कागद नियमाप्रमाणे, पण वरिष्ठाने आकसाने शेरा मारला, हा अन्याय. कायद्याने हे दोन्ही शब्द वापरले म्हणून मंडळाचे अधिकार कारकुनी दुरुस्तीच्या पलीकडे जातात. अर्ज सैनिकाला स्वतः करता येतो. तो हयात नसेल तर पत्नी, पती किंवा वारसांना. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. मात्र न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ती माफ करू शकते, आणि जुनी प्रकरणे याच खिडकीतून आत येतात.

मग बढती थेट मिळते का?

शिपाई, सार्जंट अशा हुद्द्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी हो. बढतीचा आदेश निघाला होता पण फाइलमध्ये पोहोचलाच नाही, असे सिद्ध झाले तर मंडळाच्या शिफारशीवरून मागील तारखेपासून हुद्दा आणि फरकाची रक्कम मिळू शकते.

अधिकाऱ्यांचे गणित वेगळे आहे. त्यांची नियुक्ती राष्ट्राध्यक्ष करतात आणि वरच्या हुद्द्यांना सिनेटची संमती लागते. ‘याला कर्नल करा’ असे मंडळ परस्पर म्हणू शकत नाही. ते सदोष कागद फाइलमधून काढायला लावते आणि प्रकरण विशेष निवड मंडळाकडे पाठवते. तिथे जे होते ते समजून घेण्यासारखे आहे. त्या अधिकाऱ्याची दुरुस्त झालेली फाइल, त्याच वेळी निवडल्या गेलेल्या आणि न निवडल्या गेलेल्या काही अधिकाऱ्यांच्या फायलींशेजारी ठेवली जाते. ही फाइल तेव्हा अशीच असती, तर ती कोणत्या गठ्ठ्यात गेली असती? उत्तर अनुकूल आले तर पहिल्या मंडळानेच निवड केली असती त्या तारखेची ज्येष्ठता मिळते.

ही पद्धत निर्दोष नाही. घडलेच नाही त्याचा अंदाज बांधणे हे कुणालाही अवघडच. पण बढती बक्षीस म्हणून वाटण्यापेक्षा, नाकारली गेलेली स्पर्धा स्वच्छ कागदांवर पुन्हा घेणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे.

पुरावा द्यायचा कोणी?

अर्जदाराने. मंडळ स्वतः तपास करत नाही. सरकारी कामकाज नियमाप्रमाणेच झाले असणार, असे गृहीत धरून ते सुरुवात करते आणि ते खोडून काढण्याचा भार सैनिकावर असतो. त्याच्याविरुद्धची कागदपत्रे सांभाळणारे खाते तेच, आणि त्याच्या बाजूची हरवणारेही तेच, अशी ही अडचण आहे. हरवणे हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राला आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के जणांच्या फायली त्यात गेल्या. दोन्ही महायुद्धे आणि कोरियाचे युद्ध या काळात येते. अशा माणसाने बढतीचा पुरावा आणायचा कुठून? जुनी पगारपत्रके, रुग्णालयातील नोंदी, सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे असे तुकडे गोळा करत बसणे त्याच्या नशिबी येते. ‘सगळे नियमाप्रमाणेच झाले असणार’ हे गृहीतक तरीही तसेच राहते.

लव्हेल प्रकरण काय होते?

१९७१ मध्ये लव्हेल व्हिएतनाममधील सातव्या हवाई दलाचे प्रमुख झाले. उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक १९६८ पासून थांबवलेली होती. अमेरिकी विमानांवर गोळीबार झाला किंवा शत्रूच्या रडारने त्यांना लक्ष्य केले, तरच उलट हल्ल्याची मुभा होती. शत्रूची रडार यंत्रणा आता एकमेकांना जोडलेली असल्याने आपली विमाने कायमच लक्ष्यावर असतात, असा अर्थ लव्हेल यांनी लावला आणि हल्ले होऊ दिले. खालच्या पातळीवर वैमानिकांच्या अहवालांत, न झालेला गोळीबार झाल्याचे लिहिले जाऊ लागले. एका सार्जंटला हे पटेना. त्याने थेट सिनेटरला पत्र लिहिले. चौकशी झाली आणि १९७२ च्या वसंतात लव्हेल यांना हटवण्यात आले. निवृत्तीनंतर त्यांना निदान तीन तारे द्यावेत, हा प्रस्तावही सिनेटने फेटाळला.

पुढे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कार्यालयातील ध्वनिफिती खुल्या झाल्या. फेब्रुवारी १९७२ मधील एका बैठकीत क्षेपणास्त्र तळांवरील हल्ल्यांना निक्सन स्वतःच मोकळीक देत असल्याचे त्यातून समोर आले. त्यानंतर काही महिन्यांनी लव्हेल यांचा बळी दिला जातो आहे याची टोचणीही त्यांनी खासगीत बोलून दाखवली होती, जाहीरपणे मात्र नाही. २००७ मध्ये यावर लेख प्रसिद्ध झाला आणि कुटुंबीयांच्या वतीने अर्ज गेला. मंडळाचा निष्कर्ष असा : हल्ल्यांना राष्ट्राध्यक्षांची परवानगी होती, खोटे अहवाल लव्हेल यांनी लिहवून घेतल्याचा पुरावा नाही, समजल्यावर त्यांनी तो प्रकार थांबवला. ऑगस्ट २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांचे नाव मरणोत्तर जनरलपदासाठी सिनेटकडे पाठवले.

सिनेटने काय केले?

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने नियुक्तीवर पुढे जाण्यास नकार दिला. उपलब्ध कागदांवरून निष्कर्षाप्रत येता येत नाही, असा तिचा सूर होता. शंका अगदीच निराधार नव्हती. ध्वनिफीत फेब्रुवारीतली, तर वादग्रस्त हल्ले त्याआधीच्या नोव्हेंबरपासूनचे. शिवाय अहवाल खोटे होते हे कुणीच नाकारत नाही, आणि ते उघड करणाऱ्या सार्जंटची बाजूही खरीच होती. पण शंका आहे म्हणून सुनावणी घेऊन निकाल देणे वेगळे आणि फाइल बाजूला सारणे वेगळे. समितीने दुसरा, सोपा मार्ग धरला. लव्हेल दोषी होते असेही ठरले नाही, निर्दोष होते असेही नाही.

याची उलटी बाजूही अमेरिकेने पाहिली आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर हटवलेले अ‍ॅडमिरल हजबंड किमेल आणि जनरल वॉल्टर शॉर्ट यांना युद्धकाळातील सर्वोच्च हुद्दा मरणोत्तर द्यावा, अशी विनंती काँग्रेसने २००० च्या कायद्यातच घातली. तेव्हापासून एकाही राष्ट्राध्यक्षाने ती मानलेली नाही. म्हणजे एकदा राष्ट्राध्यक्ष राजी आणि सिनेट नाराज, तर दुसऱ्यांदा काँग्रेस राजी आणि राष्ट्राध्यक्ष गप्प.

मानद बढती हा तोडगा आहे का?

कृष्णवर्णीय अधिकारी कर्नल चार्ल्स यंग यांना १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू असताना, उच्च रक्तदाबाचे कारण देऊन निवृत्त करण्यात आले. ते सेवेत राहिले असते तर श्वेतवर्णीय अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखाली काम करावे लागले असते, हे खरे दुखणे. आपण धडधाकट आहोत हे दाखवायला यंग पुढच्या वर्षी ओहायोहून वॉशिंग्टनपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर घोड्यावरून गेले. युद्ध संपायला जेमतेम आठवडा उरला असताना त्यांना परत घेण्यात आले. त्यांना ब्रिगेडियर जनरल हा मानद हुद्दा मिळाला तो एप्रिल २०२२ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. यात पगाराचा प्रश्न नाही, कुणाची ज्येष्ठता हलत नाही, दुखावणारे कुणी हयात नाही. म्हणूनच तो देणे सोपे गेले, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

भारतात काय व्यवस्था आहे?

आपल्याकडे असे स्वतंत्र मंडळ नाही. अधिकारी आधी खात्यांतर्गत आणि मग वैधानिक तक्रार करतो. तिथे दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे मुख्य पीठ दिल्लीत आहे आणि मुंबईतही एक पीठ आहे. निवृत्तीनंतर मिळणाऱ्या अशा बढतीला आपल्याकडे ‘नोशनल’ म्हणजे काल्पनिक बढती म्हणतात. कारगिल युद्धात बटालिक भागात लढलेल्या ७० ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचे प्रकरण यात सर्वात गाजले. आपल्या ब्रिगेडची कामगिरी वरिष्ठांच्या अहवालात डावलली गेली, अशी त्यांची तक्रार होती. मे २०१० मध्ये न्यायाधिकरणाने तो गोपनीय अहवाल रद्द केला, युद्धाच्या नोंदी सुधारायला सांगितले आणि मेजर जनरलपदासाठी त्यांचा काल्पनिक बढती म्हणून विचार करण्यास फर्मावले. लक्षात घ्या, बढती देण्यास नव्हे, विचार करण्यास. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिला अधिकाऱ्यांच्या कर्नलपदाच्या निवडीबाबत हीच रीत अवलंबली. कोणते गोपनीय अहवाल विचारात घ्यायचे, याची लष्कराने ठरवलेली सीमा मनमानी ठरवून विशेष निवड मंडळ पुन्हा बोलावण्याचे आदेश दिले.

खरी अडचण त्याच्या आधीची आहे. सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या देव दत्त खटल्यात सांगितले. पण लष्करी अधिकाऱ्यांना हे लागू नाही, असे त्याच निकालात स्पष्टही केले. अमेरिकेत अधिकाऱ्याला आपला मूल्यमापन अहवाल पाहता येतो, त्यामुळे आक्षेप वेळेवर नोंदवता येतो आणि तीन वर्षांची मुदत निदान सुरू तरी होते. आपल्याकडे बढती हुकल्यावर अधिकारी तक्रार करतो आणि फाइलमध्ये नेमके काय होते हे त्याला पुष्कळदा न्यायाधिकरणासमोर कागद आल्यावरच समजते. तोवर त्याच्या तुकडीतले अधिकारी वरच्या हुद्द्यावर पोहोचलेले असतात, आणि तो स्वतः बहुधा निवृत्त झालेला असतो.