भोक पाडणाऱ्याने आधी अनामत ठेवावी



मार्च २०२३ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डीला ऊसतोड मजुराचे पाच वर्षांचे पोर उघड्या बोअरमध्ये पडले आणि गेले. चार दिवस हळहळ झाली. फसलेली बोअर बुजवायची कुणाच्या पैशाने, हा प्रश्न तसाच उघडा राहिला.

नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले, की पंधरा दिवस आधी कळवा, नोंदणी असलेल्याकडूनच बोअर मारा, कुंपण करा, सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत भरा. पण त्या भरावाचे पैसे आधी बाजूला काढा, असे कुणालाच सांगितलेले नाही. गाडीवाला फुटाप्रमाणे पैसे मोजून घेतो आणि रातोरात पुढच्या गावी जातो. कपाशी-ज्वारीवाल्याच्या गळ्यात उरते कर्ज आणि भोक. तो तोंडावर दगड ठेवतो. आणखी काय करणार?

खाणीला मात्र वेगळा न्याय. आमच्या जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडीकडे बॉक्साइट निघते. २०२१ च्या दुरुस्तीपासून मोठ्या खाणीला वापरातल्या जमिनीमागे हेक्टरी ५ लाख आणि लहान खाणीला ३ लाख रुपये आर्थिक हमी ठेवावी लागते. खाण बंद करण्याचा अंतिम आराखडा मुदतीत दिला नाही, तर ती जप्त होते.

आता नवे भोक येऊ घातले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने भूगर्भातील उष्णतेपासून ऊर्जा काढण्याचे धोरण जाहीर केले. कोकणात उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरीला गरम झरे आहेतच. या विहिरी आपल्या बोअरपेक्षा कितीतरी खोल. केसिंगभोवतीचे सिमेंट कच्चे राहिले, तर खालचे खारे-गरम पाणी वरच्या गोड पाण्यात मिसळेल. कंपनी बुडाली तर विहीर कोण बुजवणार?

आमची मागणी साधी आहे. अशा प्रत्येक विहिरीमागे, बुजवण्याच्या खऱ्या खर्चाएवढी बँक हमी आधी घ्या. मगच यंत्र लावा. बोअरच्या गाडीमागे एकच कायम अनामत घ्या. ग्रामपंचायतीचा पंचनामा झाला, की उघड्या बोअरचा भराव त्यातून करा.

गाडीवाला हे आपल्याच बिलात लावेल, असे काही भाऊ म्हणतात. लावेल. पण एक गाडी अनेक बोअर मारते; अनामत त्या सगळ्यांत वाटली जाईल. आज सगळा भार एकट्यावर पडतो, तोही पाणी न लागलेल्यावर.

जिल्हा मेळाव्याला येताना गावातल्या उघड्या बोअर मोजून या. आणि आपल्या रानातली तेवढी आजच झाका. सरकार जागे होईपर्यंत पोरे थांबत नाहीत.

— कळंबा, जि. कोल्हापूर