दाखला कुणाकडं गहाण?



सावकार घरात शिरून भांडी उचलायचा, ते आपल्या आज्यांनी पाह्यलं. आताचा सावकार कॉलेजच्या खिडकीमागं बसतो नि दाखला उचलतो. बाकी भरा, मग टीसी. बाकी भरा, मग मार्कशीट.

बाकी कुणाची?

आमच्या भवानी पेठेत लूमच्या खडखडाटात शिकलेली एक पोरगी. बीएस्सी पास. पुढच्या प्रवेशाची मुदत संपत आलेली. कारकून रजिस्टर उघडतो, नावापुढं लाल शाई : शिष्यवृत्ती अप्राप्त. म्हणजे पैसे सरकारनं द्यायचे, दिले नाहीत, आणि थकबाकीदार ही! बाप टॉवेलच्या कारखान्यात. एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्याला साहेब म्हणतो, तूर्त तुम्ही भरा, सरकारचे आले की बघू. मालकानं पगार थकवला म्हणून मी गिरणीतलं सुताचं पोतं घरी नेलं, तर मला चौकीत उभा करतील. कॉलेजनं पोरीचा कागद दाबला की त्याला शिस्त म्हणायचं.

ही शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हा, १९४४ साली ती सुरू झाली. त्याही आधी, १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेनं याच सोलापुरात आपल्या पोरांसाठी वसतिगृह काढलं. सभेकडं काय गिरण्या होत्या?

आता खजिना भरलेला, पण वाट बघा. २०२१-२२ पासून केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. राज्याचा वाटा आधी पडायचा, मग केंद्राचा पोराच्या खात्यात. दिल्ली मुंबईकडं बोट दाखवते, मुंबई पोर्टलकडं, आणि कारकून पोरीकडं. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. त्याची सात महिन्यांची फेलोशिप येणं होती, हे त्याला शेवटच्या पत्रात लिहावं लागलं.

खात्यात आलेले पैसे काही पोरं घरात खर्चतात, हे मलाही ठाऊक आहे. आईच्या दवाखान्यात जातात ते. वसूल करा की, हप्ते पाडून द्या. पण दाखलाच अडवला तर नोकरी कशी लागणार, आणि नोकरी नाही तर तुमची बाकी काय आभाळातून पडणार?

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच बजावलंय : प्रवेशावेळी मूळ कागद तपासा नि तिथल्या तिथं परत द्या. टीसी फीवसुलीचं हत्यार नव्हे, असं मद्रास उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये सुनावलं. ते शाळांना होतं, प्राचार्य लगेच तसं म्हणतील. म्हणू द्या. २०२३ च्या नियमानं प्रत्येक कॉलेजात तक्रार निवारण समिती पायजे. शिष्यवृत्तीची दिरंगाई हीसुद्धा तक्रारच. समितीनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, त्यावर विद्यापीठाचा लोकपाल.

हे आपल्या पुढाऱ्यांना माहीत नाही असं नाही. पण त्यांना चिठ्ठी द्यायला आवडतं. चिठ्ठीनं एक टीसी सुटते आणि एक घर जन्मभर मिंधं होतं. चौदा एप्रिलच्या डॉल्बीला वर्गणी गोळा करणारे हात एका पोरीसोबत खिडकीपर्यंत का जात नाहीत?

तेव्हा चिठ्ठी नको. दोन प्रतींत अर्ज. 'दाखला कोणत्या नियमानं अडवला ते लेखी द्या' एवढंच लिहा. एकटीला पाठवू नका, पाच-सहा जण जा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.