खडी कुठे लागते?

पुतण्याने मंगळवारी नव्या गाडीचं कोटेशन पाठवलं. त्यातल्या एका ओळीशी मी थांबलो: ‘फुल बॉडी पीपीएफ, सिरॅमिक कोटिंगसह, १,३५,०००’. पीपीएफ म्हणजे रंग वाचवायला वरून चिकटवायची पारदर्शक फिल्म. वर पाहिलं, तर गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी बसून ठरवलेला व्हेरियंट बदललेला. फोन केला. ‘‘काका, बजेट तेवढंच आहे. शोरूमवाले म्हणाले, पहिल्याच दिवशी फिल्म लावली नाही तर रंगाची वाट लागते. म्हणून व्हेरियंट एक पायरी खाली आणला.’’

त्या एका पायरीत टायरमधल्या हवेचा इशारा गेला, मागच्या काचेचा वायपर गेला आणि डिफॉगरही गेला. हा मुलगा रोज साताऱ्याहून शिरवळच्या एमआयडीसीत जातो आणि संध्याकाळी अंधारात खंबाटकी चढून परत येतो. पावसाळ्यात त्या घाटात मागचं काही दिसत नाही. दिसण्याची सोय विकून त्याने दारांवर प्लास्टिक घेतलं. मला याचा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

फिल्म वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या गाडीला होती, पुढच्या गाडीलाही असेल. चांगली फिल्म पॉलियुरेथेनची असते, जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन. गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग, म्हणजे गंज अडवणारा तळाचा थर, प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट, मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. म्हणजे फिल्म रंगापेक्षा जाड, शिवाय लवचीक. खडा आपटला की ती दबते, त्याचा मार पसरवते आणि टवका उडू देत नाही. सिरॅमिकबद्दल एवढंच: एक-दोन मायक्रॉनचा थर पाणी आणि धूळ धरू देत नाही, पण खडी अडवणं त्याचं काम नव्हे. कोटेशनमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत, एकाच किमतीत बांधल्या होत्या. त्या सुट्या करून मागा.

आता दोन गाड्यांबद्दल. ताईची आणि माझी. २०१९ मध्ये एकाच आठवड्यात घेतल्या, मॉडेल तेच, रंग पांढराच. ताईने तेव्हा नखशिखांत फिल्म लावून घेतली. मी फक्त पुढचा बंपर, पूर्ण बॉनेट, दोन्ही आरसे आणि दारांच्या हँडलमागच्या वाट्या एवढंच केलं. तेव्हा तिने मला कंजूष ठरवलं होतं. ताईची गाडी कोथरूडमधून फार तर औंधपर्यंत जाते. सहा वर्षांत अडतीस हजार किलोमीटर. माझी महिन्यातून दोन-तीनदा कोल्हापूरला जाते, म्हणजे सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामातून, उघड्या डंपरांच्या मागून. एक लाख बारा हजार किलोमीटर.

गेल्या शनिवारी दोन्ही गाड्यांची जुनी फिल्म एकाच ठिकाणी उतरवली. माझी घासून खरबरीत झाली होती, तिची पिवळी पडली होती. काम चालू असताना मी हातात दिवा घेऊन दोन्ही गाड्यांभोवती फिरलो आणि खुणा मोजल्या.

माझ्या बंपर आणि बॉनेटच्या फिल्मवर खड्यांच्या एकसष्ट खुणा. फिल्म निघाल्यावर खालच्या रंगात फक्त दोन टवके. जिथे फिल्म नव्हती तिथलं असं: पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि छताची पुढची कड मिळून नऊ टवके. दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढचा पत्रा मिळून चौदा. हे चौदा डंपरने दिलेले नाहीत. ते माझ्याच पुढच्या चाकांनी मागे भिरकावलेले. चारही दारांच्या मधल्या भागावर खडीची एकही खूण नाही. मागची डिकी कोरी. छत, कडा सोडली तर, कोरं.

ताईच्या गाडीच्या नाकावरच्या फिल्मवर पाच खुणा. सहा वर्षांत पाच. दारांवर दुचाकीच्या हँडलचे तीन चरे होते, ते फिल्मने झेलले, हे तिच्या बाजूने मान्य. पण डाव्या दाराला एक पोचा आहे. त्यावरची फिल्म धड, खालचा पत्रा आत गेलेला. फिल्म रंग वाचवते, पत्रा नाही. मागच्या बंपरचा कोपरा २०२२ मध्ये सोसायटीच्या खांबाला घासून फुटला. विम्यातून बंपर आणि रंग मिळाला, फिल्मचे पैसे मिळाले नाहीत. बाहेरून बसवलेली वस्तू म्हणून पॉलिसीत तिची वेगळी नोंद नव्हती. शिवाय दाव्यामुळे त्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला. आणि सगळ्यात पिवळी कुठली, तर छतावरची. जिथे सहा वर्षांत एकही खडा पडला नाही, तिथे दिवसभर उन्हात तापून फिल्मच खराब झाली.

एक गोष्ट मात्र माझ्या विरुद्ध गेली. माझ्या दारांवर उन्हात जळमटासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ताईच्या दारांचा रंग फिल्म काढल्यावर नवा दिसला. हे ओरखडे कशाचे? सोसायटीत रोज सकाळी एक बादली, एक फडकं आणि पंचवीस गाड्या. कोरडी धूळ त्या फडक्यात अडकते आणि रंगावर फिरते. सफाई करणाऱ्याचा यात दोष नाही. त्याला एका गाडीमागे महिन्याला जेवढे पैसे आपण देतो, त्यात दुसरी बादली बसत नाही. आधी नुसतं पाणी मारायला सांगा, दोन मायक्रोफायबर कापडं तुमच्या गाडीपुरती त्याच्या हातात द्या आणि त्याचे पैसे वाढवा. वर्षाचा हा खर्च चार दारांच्या फिल्मच्या जवळपासही जात नाही. झालेले ओरखडे पॉलिश करून निघतात, पण क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातला थोडा खाऊन टाकतं. म्हणून पॉलिश एकदा-दोनदा ठीक, दर दिवाळीला नको.

म्हणजे फिल्म किती, याचं उत्तर तुम्ही गाडी कुठे चालवता यावर आहे. महामार्गावर रोजचं जाणं-येणं असेल तर पुढचा बंपर, पूर्ण बॉनेट, पुढचे दोन मडगार्ड, आरसे, काचेचे खांब, आणि मी २०१९ मध्ये चुकलो ती जागा, दारांखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढचा पत्रा. त्याबरोबर चारही चाकांना मडफ्लॅप. बॉनेटवर अर्धी फिल्म लावू नका. तिच्या कडेला धुळीची रेघ धरते आणि पांढऱ्या गाडीवर ती दुरून दिसते. शहरातच फिरणाऱ्या गाडीला हँडलमागच्या वाट्या, दारांच्या कडा आणि डिकीत सामान चढवताना घासणारी बंपरची वरची बाजू पुरे. पूर्ण गाडी झाकावी असं मला फक्त मॅट रंगाच्या बाबतीत वाटतं, कारण त्याला पॉलिशच करता येत नाही. पांढऱ्या गाडीचं एक दार चांगल्या ठिकाणी पुन्हा रंगवून मिळतं, मॅटचं तसं जमत नाही.

‘पहिल्याच दिवशी’ ही भीती तर मनातून काढून टाका. कारखान्यातला रंग भट्टीत भाजूनच बाहेर येतो. दोन-तीन आठवडे थांबून, तीन ठिकाणी भाव विचारून, काम पाहून फिल्म लावली तर काही बिघडत नाही. विचारायचं ते हे: फिल्म मशीनवर कापून आणता की गाडीवर ठेवून ब्लेडने कापता? ब्लेडचा हात जड पडला तर नव्या रंगावर पहिला चरा फिल्म लावणाराच पाडतो, आणि तो सहा वर्षांनी दिसतो. माझ्या उजव्या हेडलाइटच्या कडेला शनिवारी तसा एक सापडला. दुसरं, वॉरंटी कशाची? बहुतेक ठिकाणी ती पिवळं पडणं, तडकणं आणि सुटणं याची असते, टवक्यांची नाही. कागदावर फिल्मच्या कंपनीचं नाव आणि रोलचा क्रमांक घ्या.

उरलेले पैसे टायरला. माझा हा हट्ट जुना आहे आणि मी तो सोडणार नाही. समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरची परवानगी असताना हवा कमी असलेलं टायर तासन् तास तापतं. नव्या गाड्यांचं धाप लागेपर्यंत कौतुक करणारे किती लोक लांबच्या प्रवासाआधी हवा तपासतात? रंगाचा टवका कुणाचा जीव घेत नाही. टायर घेतं. त्यातल्या हवेचा इशारा देणारा दिवा आणि छतावरची फिल्म यांत निवड करायची वेळ आली, तर ती निवड एका मिनिटात व्हायला हवी.

पुतण्याशी गुरुवारी पुन्हा बोललो. ताईच्या गाडीचे फोटो दाखवले, छताचे आणि पोचा पडलेल्या दाराचे. पूर्ण फिल्म त्याने रद्द केली. पुढचा भाग आणि दारांखालच्या पट्ट्या मिळून पुण्यात एका ठिकाणी अडतीस हजारांत होतात, तेवढंच तो करून घेणार आहे. वरचा व्हेरियंट मिळायला तीन आठवडे जास्त लागतील. मी त्याला थांबायला सांगितलं आहे.