गच्चीवरची तुळस थंडीत का काळवंडते? मोबाइलवरचा पारा अर्धीच गोष्ट सांगतो

डिसेंबरमध्ये निफाडचा पारा बातम्यांत झळकू लागतो, तेव्हाच नाशिक-पुण्याकडच्या गच्च्यांवर तुळस काळी पडू लागते. मग नवं रोप, खताची पुडी, एखादं महागडं प्लांट कव्हर अशी खरेदी होते. यातली बरीचशी टाळता येते.

हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, हवा खेळत्या पेटीत सावलीत असतो. रोपाला असं छप्पर नसतं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आणि पानं रात्रभर उष्णता आभाळाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. महाबळेश्वरात वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठतात, तेव्हा अधिकृत पारा शून्याच्या बराच वर असतो, तो यामुळेच. शिवाय गार हवा जड असते, ती सखल भागात साचते. ढगाळ रात्र मात्र रोपांना सुखाची.

मग करायचं काय?

कुंडी उचलून छज्जाखाली, दुपारचं ऊन खाणाऱ्या भिंतीला लागून ठेवायची. तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. कुंडी हलत नसेल तर चार काठ्या रोवून वर जुनी साडी टाकावी. कापड पानांना टेकू नये आणि सकाळी काढावं. फुकटचा उपाय आहे, म्हणून कदाचित कुणी त्याची जाहिरात करत नाही.

निफाडचे द्राक्ष बागायतदार पहाटे बागेला पाणी देतात आणि शेकोट्या पेटवतात. धूर ऊब धरून ठेवतो हा समज फारसा खरा नाही. उपयोग होतो तो जाळाच्या आणि विहिरीच्या कोमट पाण्याच्या उष्णतेचा. कुंडीत मात्र हा प्रयोग नको. थंडीत रोप पाणी कमी पितं, ओल साचली की मुळं कुजतात. माती वरून सुकल्यावर, तेही सकाळीच पाणी द्यावं.

नवं रोप घ्यायचंच असेल तर शेवंती, पिटुनिया, पॅन्सी, डायन्थस घ्यावं. त्यांना गारवा मानवतो. क्रोटन, अ‍ॅडेनियम फेब्रुवारीनंतर.

आणि पानं झडलेलं अ‍ॅडेनियम लगेच फेकू नये, ते झोपलेलंही असू शकतं. खोड दाबून कडक लागलं, नखाने खरवडल्यावर आत हिरवं दिसलं, तर ते जिवंत आहे.