ऑपरेशन झाले, पण खुबा तपासायचे थांबवू नका

वस्तीत आरोग्य शिबिर घेतले की एखादी आई हमखास म्हणते, "ताई, पोराचा गुडघा दुखते, लंगडते. चोळून आणला, पण फरक नाही." गुडघा तपासावा तर तिथे काहीच नसते. दुखणे खुब्यात असते. खुब्याची कळ मांडीतून गुडघ्यात उतरते. अशा वेळी माझा पहिला प्रश्न असतो : सिकलसेलची तपासणी झाली का?

विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो. तो शाप नाही की बाहेरची बाधा नाही. आई आणि वडील दोघांकडून आलेला रक्ताचा आजार आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त मिळाले नाही की तिथले हाड मरते आणि गोळा चपटा होतो.

मग काही मुलांचे ऑपरेशन होते. हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करतात, किंवा हाड कापून गोळा खोबणीत नीट बसवतात. दुखणे थांबते आणि घरच्यांना वाटते, सुटलो. मी नोकरीत असताना सुट्टीच्या कागदावर "पुन्हा दाखवा" एवढेच सांगून किती मुलांना घरी पाठवले, ते आठवले की आज अपराधी वाटते. बसभाडे आणि बुडालेली मजुरी पाहून कोण परत येणार?

खुब्याच्या ऑपरेशनचा खरा निकाल दहा-वीस वर्षांनी दिसतो. लहान वयात गोळा पुन्हा गोल व्हायला वाढीची वर्षे हाताशी असतात; पंधरा-सोळाव्या वर्षी ती संधी कमी असते. गोळा वाकडा राहिला तर तरुणपणीच सांधा झिजतो. मग कापूस वेचणे, पोते उचलणे, उकिडवे बसणे जमत नाही. कृत्रिम सांधा बसवता येतो, पण सिकलसेलच्या रुग्णात जंतुसंसर्गाची आणि सांधा सैल होण्याची भीती जास्त असते, आणि तरुण वयात बसवलेला सांधा पुढे बदलावा लागू शकतो.

व्यायामालाही कमी लेखू नका. 2006 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात काही सिकलसेल रुग्णांना फक्त व्यायामोपचार दिले, काहींना छिद्राच्या ऑपरेशनसोबत व्यायाम. सुमारे तीन वर्षांनी दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

माझे म्हणणे असे की शासनाची सोयच चुकीच्या वयात तुटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंत आहे. खुब्याचा त्रास तर त्यानंतर वाढतो. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद जिल्ह्यात राहावी, अठरा पूर्ण झाल्यावर त्याची फाईल मोठ्यांच्या विभागाकडे जावी आणि तपासणीला येण्या-जाण्याचे भाडे मिळावे, ही मागणी आपण ग्रामसभेत आणि जिल्हा रुग्णालयात लावून धरली पाहिजे.

तोवर घरी एवढे करा. एक्स-रे आणि कागद जपून ठेवा. दुखत नसले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी खुबा दाखवा. डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सियुरियाची गोळी मनाने बंद करू नका. कोणत्याही ऑपरेशनआधी "सिकलसेल आहे" हे भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. आणि लंगडणाऱ्या लेकराला चोळायला नेऊ नका, आधी रक्त तपासा आणि खुब्याचा एक्स-रे काढा.