शाळेच्या सर्व्हरला स्वतःची डिस्क हवीच!



संगणक लॅब उभारताना एक सल्ला हमखास मिळतो. "सर, प्रत्येक मशिनला वेगळी डिस्क कशाला? एकच मोठं स्टोरेज घ्या. सर्व्हरसुद्धा नेटवर्कवरूनच सुरू होईल." यात तथ्य आहे. खर्च वाचतो, सॉफ्टवेअर एकाच जागी बदलता येतं आणि मुलांनी सेटिंग बिघडवलं तरी मशिन पुन्हा सुरू केलं की सगळं जागेवर! विद्यार्थ्यांच्या संगणकांसाठी ही सोय चांगलीच आहे. पण सर्व्हरच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे. का, ते बघूया.

पहिली अडचण सुरुवातीचीच. डिस्क नसलेलं मशिन आधी नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मागतं, मग सुरू होण्याची फाइल मागवतं. यासाठी बहुतेक ठिकाणी टीएफटीपी ही जुनी पद्धत वापरतात. तिच्या मूळ नियमानुसार फाइल 512 बाइटच्या तुकड्यांत येते आणि एक तुकडा पोचल्याची पावती मिळाल्याशिवाय पुढचा निघत नाही. म्हणजे 50 एमबीच्या फाइलला जवळजवळ एक लाख फेऱ्या! नव्या सुधारणांमुळे तुकडे मोठे करता येतात, पण ते सेटिंग कुणीतरी करायला हवं.

दुसरी अडचण गर्दीची. वीज गेली आणि आली की सगळी मशिन एकदमच जागी होतात. स्टोरेजची वायर 100 एमबीपीएसची असेल, तर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी मिळतात. 20 मशिनमध्ये वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 0.6 एमबी. शिवाय काही स्विच सुरू झाल्यावर वायरींचा फेरा तर झाला नाही ना, हे तपासायला साधारण 30 सेकंद वाट अडवून धरतात. तोवर मशिन पत्ता मागून मागून थकतं आणि स्क्रीनवर संदेश येतो की सुरू होण्यासारखं काही सापडलं नाही. मशिन धडधाकट असतं, पण आपल्याला वाटतं तेच बिघडलं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. मधेच स्विच बंद पडला तर सर्व्हरच्या पायाखालची जमीनच जाते. दिवे लुकलुकत राहतात, पण काम थांबतं. आणि बिघाडाची नोंद लिहायची जागाही त्याच स्टोरेजवर! मग काय झालं हे नंतर शोधायचं तरी कसं?

तुम्ही म्हणाल, मोठ्या डेटा सेंटरमध्ये असंच करतात ना? करतात. पण तिथे स्टोरेजकडे जायला दोन स्वतंत्र वाटा असतात, दोन स्विच असतात आणि लक्ष ठेवायला माणसंही असतात. आपण स्टोरेज तेवढं घेतो, दुसरी वाट मात्र खर्च वाचवायला सोडून देतो. बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयाची परीक्षा ऑनलाइन होते. त्या दिवशी लॅब अडली, तर वाचलेल्या पैशांचं समाधान कुणाला वाटणार?

म्हणून माझं सांगणं एवढंच:

1. सर्व्हरला स्वतःच्या दोन छोट्या डिस्क द्या. दोन्हींवर सारखीच प्रत ठेवा. एक गेली तरी काम चालू राहील.

2. पाठ, व्हिडिओ आणि मुलांच्या फाइली खुशाल नेटवर्क स्टोरेजवर ठेवा.

3. पत्ते वाटणारा सर्व्हर कधीच नेटवर्कवरून सुरू करू नका. पत्ता देणाराच पत्ता शोधत बसला तर कसं चालेल?

4. यूपीएस स्विचलाही जोडा. वीज आल्यावर आधी स्विच, मग स्टोरेज, मग सर्व्हर आणि शेवटी मुलांची मशिन, हा क्रम भिंतीवर लावून ठेवा.

पालकहो, शाळेच्या बैठकीत लॅबचा विषय निघाला तर संगणक किती, एवढंच विचारून थांबू नका. आणखी एक प्रश्न विचारा: "ही एक वायर काढली, तर काय काय बंद पडेल?" उत्तर "सगळंच" असेल, तर बिल मंजूर करण्याआधी पुन्हा विचार करायला हवा.