वय झाले, हे निदान नव्हे!

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामात एका वृद्ध बागायतदाराचा अंत्यविधी झाला. शवपेटी सागवानी होती, तिच्या कड्या पितळी होत्या. नाक्यावर श्रद्धांजलीचा भला मोठा फलक लागला होता आणि महिन्याच्या मिस्सेनंतर दोनशे पान जेवून उठले. या गृहस्थांना अखेरची सहा-सात वर्षे नीट ऐकू येत नव्हते. श्रवणयंत्राचा विषय घरात एकदा निघाला होता. ‘आता या वयात यंत्र कशाला?’ एवढ्या एका वाक्यात तो मिटला. ऐकू येईना म्हणून ते बोलेनासे झाले, बोलेनात म्हणून माणसे त्यांच्याकडे जाईनाशी झाली आणि पुढे नातवंडांची नावेही त्यांना आठवेनात. त्यांचा आजार बहिरेपणामुळेच आला, असे मी म्हणत नाही. एकट्या माणसाविषयी तसे सांगता येत नसते. परंतु मृताच्या पेटीवर जेवढा खर्च झाला तेवढा जिवंतपणी त्याच्या कानांवर झाला नाही, ही गोष्ट कबरीपाशी उभा असताना मला बोचत राहिली.

त्या कुटुंबाकडे बोट दाखविण्याचा अधिकार मला नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी त्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी जात असे. पाच मिनिटांत प्रार्थना उरकून पुढच्या घराची वाट धरीत असे. जाता जाता सुनेला विचारी, “बाबा जेवतात का? झोप लागते का?” बाबा समोरच बसलेले असत. माझ्याकडे पाहत असत. माणूस हयात असताना त्याच्याविषयी त्रयस्थासारखे बोलण्याचे हे पाप मी वर्षानुवर्षे केले, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ते रोज घडते.

‘वय झाले’ हे दोन शब्द आपण निदान म्हणून वापरतो. वस्तुतः ती आपण दिलेली शिक्षा असते. आजी तीच गोष्ट चारदा विचारते? वय झाले. आजोबा बाजारातून परतताना वाट चुकले? वय झाले. एकदा असे म्हटले की डॉक्टरकडे जाणे नको आणि काळजी करणे नको. पण १९०६ साली जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी ज्या स्त्रीच्या मेंदूतील विकृती प्रथम वैद्यकसभेपुढे मांडली, ती मृत्यूसमयी जेमतेम ५५ वर्षांची होती. म्हणजे माझ्याच वयाची! तिला झाले ते म्हातारपण नव्हते, तो रोग होता. उलट, आपल्या देशात साठी उलटलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. संख्या मोठी आहे. पण नव्वदाहून अधिक टक्के वृद्धांना हा आजार नाही, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे. मग तो वयाचा अटळ नियम कसा?

शिवाय प्रत्येक विसरणे म्हणजे अल्झायमर नव्हे. थायरॉइडची उणीव, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचे खोल औदासीन्य, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम यांमुळेही बुद्धी मंदावते, आणि यांवर उपचार आहेत. दोन दिवसांत माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागला तर तो तातडीने दवाखान्यात नेण्याचा प्रसंग असतो. तेथे ‘वय झाले’ म्हणून स्वस्थ बसणे जिवावर बेतू शकते.

२०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी व माणसाला बदलता येण्याजोगी चौदा कारणे मांडली. ती सारी दूर झाली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा हिशोब आहे. ही कारणे कोणती? अपुरे शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट चरबी, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला मार, दूषित हवा, औदासीन्य, ऐकू न येणे, उपचार न झालेली दृष्टिहानी आणि एकाकीपणा. ही यादी वाचून मी चपापलो. यातील किती गोष्टी आपल्याच उंबरठ्याच्या आत आहेत! लग्नात मद्याच्या पेट्या मोजून प्रतिष्ठा ठरविणारे आपणच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणणारे आपणच. आणि जन्मभर वाडीत राबलेल्या बापाच्या हातातून कोयता काढून घेऊन त्याला दूरदर्शनसंचासमोर बसविणारे, आणि त्यालाच सेवा म्हणणारेही आपणच.

एकाकीपणा म्हटला की आपण म्हणतो, ‘आमच्याकडे तो प्रश्न नाही, आई आमच्यातच राहते.’ खरेच राहते का? वसईच्या वाड्यांतील जुनी घरे आठवा. ओटीवर बसलेल्या म्हातारीला सारा रस्ता ओळखत असे. फुलांच्या वेण्या करताना, केळी सोलताना तिच्या हातांना काम होते आणि तोंडाला सोबत होती. आज दुमजली बंगल्यात तिला स्वतंत्र खोली आहे, पंखा आहे, वेळेवर ताट आहे. बोलायला मात्र कोणी नाही. मोठे घर म्हणजे सोबत नव्हे.

अमेरिकेत १९८६ साली डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी धर्मभगिनींचा एक अभ्यास सुरू केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ धर्मभगिनी त्यात सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्यास त्यांनी संमती दिली. त्यांतील सिस्टर मेरी १०१ व्या वर्षी वारल्या. अखेरपर्यंत त्यांची बुद्धी तल्लख होती. मेंदू तपासला तेव्हा मात्र त्यात अल्झायमरच्या खुणा मुबलक सापडल्या. असे का व्हावे? बालपणापासूनचे शिक्षण आणि आयुष्यभर बुद्धीला मिळालेले काम यांनी मेंदूत काही शिल्लक साठते व ती संकटात कामी येते, असे अभ्यासक मानतात. एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे खरे. तरी त्या उतारवयातही समूहात राहत होत्या, हे आपण विसरू नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ‘फादर, तुम्हाला प्रवचन देणे सोपे. नवरा-बायको दोघे पहाटेच्या लोकलने जातात. म्हातारीशी गप्पा कोणी माराव्यात?’ मला ठाऊक आहे की ही शुश्रूषा बहुधा एकट्या सुनेच्या किंवा अविवाहित लेकीच्या अंगावर पडते आणि ती आतून मोडून जाते. तिला ‘हा तुझा क्रूस’ म्हणून मोकळे होणारे धर्मगुरू मी पाहिले आहेत. मीही त्यांतला एक होतो. क्रूस वाहताना प्रभूलाही सिमोन कुरेनेकराचा खांदा मिळाला होता. मग त्या बाईला धर्मग्रामाचा खांदा का मिळू नये?

दुसरा आक्षेप असा : ‘सर्व पथ्ये पाळूनही आजार आला तर?’ येऊ शकतो. म्हणूनच आजारी माणसाच्या घराला दोष देऊ नये. अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही, आणि ‘स्मरणशक्तीच्या’ गोळ्यांवर पैसे उधळण्यात अर्थ नाही. ब आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या या आजाराच्या प्रतिबंधासाठी देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितले आहे. परंतु बरा न होणारा माणूस म्हणजे संपलेला माणूस नव्हे. नावे विसरलेली आजी रोझरीची सुरुवात होताच ओठ हलवू लागते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. वडिलांची बुद्धी क्षीण झाली तरी त्यांना समजून घ्यावे, हा उपदेश सिराकच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तेथे वयाची किंवा निदानाची अट घातलेली नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबांसाठी जुलैचा चौथा रविवार नेमून दिला. आपण त्या दिवशी गुलाब देतो, छायाचित्र काढतो आणि पुढच्या जुलैपर्यंत विसरतो. स्मृतिभ्रंश नक्की कोणाला झाला आहे?

माझे मागणे थोडे आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा वृद्धांचे कान, डोळे, रक्तदाब व साखर तपासावी. श्रद्धांजलीच्या फलकांचा खर्च श्रवणयंत्रांच्या निधीत टाकावा. आठवड्यातून एक दुपार दोघा स्वयंसेवकांनी रुग्णापाशी बसावे, म्हणजे घरच्या बाईला बाजारात जाता येईल, झोपता येईल. आणि आम्ही धर्मगुरूंनी पहिल्या शुक्रवारची घरे कमी करावीत, पण प्रत्येक घरात खुर्ची ओढून बसावे.

मी आता तसे करतो. परवा एका आजोबांपाशी अर्धा तास बसलो. त्यांनी मला विहिरीवरच्या जुन्या रहाटाची हकीकत तीनदा सांगितली. तिसऱ्या वेळी मी मध्येच विचारले, “बैलाचे नाव काय होते?” नाव त्यांना आठवले.